उशीच्या अभ्र्यातल्या चार गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, हातभर लांब आणि एका कोपऱ्यात चपटी. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने उरलेल्या कापडातून मला शिवले, आत चिंध्या भरल्या आणि आपल्या तान्ह्या लेकीच्या डोक्याखाली दिले. लेक मोठी झाली आणि मी कपाटावर धूळ खात पडले.

पुढे बाईचे पोटावर छेद घेऊन गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. सिस्टरांनी लेकीला घरून लहान उशी आणायला सांगितले. खोकताना, उठताना मला टाक्यांवर दोन्ही हातांनी धरायचे, म्हणजे ताण कमी बसतो. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता!

पण आमची बाई भारी सोशीक. कुणीही विचारले की "काही दुखत नाही" म्हणायची. दुखण्यावरची गोळी दिली की नुसता पाण्याचा घोट घ्यायची आणि गोळी हळूच माझ्या अभ्र्यात सरकवायची. जन्मभर बटणे नि कापडाचे तुकडे जपले, तशाच आता गोळ्या. मला तिचा राग यायचा, पण उशीला कुठे बोलता येते?

दुखते म्हणून ती खोकेना, चालेना. छातीत कफ घुरघुरू लागला. असेच राहिले तर न्यूमोनिया होईल, असे डॉक्टरांनी बजावले.

तिसऱ्या दिवशी लेकीने अभ्रा बदलायला काढला आणि चार गोळ्या पलंगावर पडल्या. आता ही आईला फैलावर घेणार, असे मला वाटले. पण ती आईजवळ जाऊन बसली.

"दुखतं गं," आई म्हणाली, "पण सांगितलं की तू कामावर जात नाहीस."

"तू सांगत नाहीस, म्हणूनच जायचा धीर होत नाही मला."

सिस्टरांनी त्या चार गोळ्या काढून घेतल्या आणि त्या वेळची एकच दिली. दुखणे वाढायची वाट न बघता ठरल्या वेळी गोळी घ्यायची, तरीही दुखले तर लगेच सांगायचे, असे समजावले. थोड्या वेळाने बाईने मला पोटाशी घट्ट धरले आणि ती खोकली. डोळ्यांत पाणी आले, पण कफ सुटला. मग लेकीचा हात धरून ती दारापर्यंत चालली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकीला म्हणाली, "जा तू कामावर. दुखलं तर सांगेन मी."

मित्रांनो, घरात कुणी "काही दुखत नाही" म्हणाले, तर लगेच उठून जाऊ नका, जरा जवळ बसा. लेक अजूनही कामावर जाताना माझा अभ्रा चाचपून बघते. आत चिंध्यांशिवाय काही नसते, आणि मग ती निघते.