वर्षभर न उघडलेले फोटो

“मोठा कर की जरा,” मी म्हटलं.

“एवढाच आहे तो,” नवरा म्हणाला.

रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी गार झालेला चहा. पडद्यावर आमच्या ठकीचा फोटो होता, टपालाच्या तिकिटाएवढा. ठकी म्हणजे आमची मुलगी. पाचव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. भिंतीवर तिचा एक फोटो लावावा, एवढा धीर मला आत्ता कुठे आला होता.

“मी टाकला तेव्हा चांगला मोठा होता. दुसरा उघड.”

त्याने दुसरा उघडला. मग तिसरा. झोपाळ्यावरची ठकी, टबातली ठकी, माझा चष्मा नाकावर घेतलेली ठकी, सगळ्या तिकिटाएवढ्या. ताणून मोठं करायला गेलं की तोंडाच्या जागी नुसते चौकोन. नवऱ्याचा चेहरा पडला, आणि ह्याला काहीतरी माहीत आहे, हे मला कळलं.

“हे आमच्या साइटवर कधी टाकलेस तू?”

“फोन भरला होता. सारखी बोंब, जागा नाही, जागा नाही. तू फोटो ठेवायच्या कंपनीत कामाला. म्हटलं, घरचंच आहे, बाहेर कशाला ठेवा? तिथे टाकले आणि फोनमधले पुसले.”

“मला बोलली नाहीस.”

“तुला भाजी आणायला सांगितलेली तरी लक्षात राहते का?”

तो हसला नाही. मीही गंमत करत नव्हते. घाबरले की माझी जीभ अशीच सुटते.

मग त्याने सांगितलं. साइटवर फोटोंचा ढीग झाला होता, जागा पुरेना. तेव्हा ठरलं की जो फोटो वर्षभर कुणी उघडला नाही, तो लहान करायचा आणि मूळचा पुसून टाकायचा. सगळ्यांना मेल गेली होती. मलाही आली असणार, पण त्या वर्षी मी कुठली मेल उघडत होते? आणि हे काम करणारा प्रोग्रॅम नवऱ्यानेच लिहिलेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा, माझ्यासमोर बसलेला.

“पण न उघडलेलेच का?” मी विचारलं.

“वर्षभर जे कुणी बघत नाही ते कुणाला नको असतं, असं धरलं होतं आम्ही.”

“मला बघवत नव्हतं रे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला. माझ्याने त्याच्या पाठीवर हातही ठेववला नाही. मला त्याचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

त्याचा फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवलेला. नातेवाइकांकडे मागून पाहिलं. कुठे ठकी पाठमोरी, कुठे केकमागे अर्धी. बालवाडीच्या फोटोत नेमकी हललेली.

काही दिवसांनी नवरा फ्रेमच घेऊन आला. तुटलेला चेहरा भरून काढणारा नवा प्रोग्रॅम त्याला मिळाला होता. सासूबाईंना मोतीबिंदू, तरी त्यांनी फ्रेम डोळ्यांपाशी नेली आणि म्हणाल्या, “अगं बाई, माझी ठकी.”

मी पाहिलं. गोड मुलगी होती. कुणाचीही असावी.

“नाक तिचंच आहे,” नवरा म्हणाला.

“आणि बाकीचं?”

“बाकीचं अंदाजाने भरलंय त्याने. पुष्कळ मुलांचे चेहरे पाहून.”

“म्हणजे त्या पुष्कळांची आहे ही. आपली नाही.”

“मग काय भिंत मोकळी ठेवू?” तो हळू आवाजात म्हणाला. “काहीतरी असू दे ना गं.”

फ्रेम लागली. येणारेजाणारे म्हणू लागले, अगदी हुबेहूब. पहिल्यांदा मी तिकडे बघतच नसे. पण घर म्हटलं की धूळ पुसावीच लागते. पुसता पुसता डोळे जायचे, आणि हल्ली डोळे मिटले तरी तीच मुलगी समोर येते. आपलीला आठवायचं तर आधी हिला बाजूला सारावं लागतं.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मी सहज म्हटलं, “ठकीचा तो पुढे आलेला दात डावीकडचा ना?”

“उजवीकडचा.”

“डावीकडचा. हसली की तोच आधी दिसायचा.”

“उजवीकडचा गं. मी ब्रश करून द्यायचो रोज.”

“मी काय आंधळी होते?”

त्याने नवी शेंग उचलली. मीही. दोघांचीही खात्री हलली होती. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, “वाद कसले घालताय? समोर फोटो आहे, त्यात बघा की.”

आम्ही मान खाली घालून मटार सोलत राहिलो.