बिनमुठीचं दार

साहेब, त्या भिंतीत दार आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या माणसांना ठाऊक होतं. फक्त ज्याला जायची घाई होती त्याला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला संडास सापडू नये अशी व्यवस्था तुम्ही केलीत आणि वर तिला अभिरुची म्हणालात. जीभ कशी वळली तुमची?

हे सगळं ती मोरीत बसून, बापाची पॅन्ट घासता घासता, मोठ्या डॉक्टरांना मनातल्या मनात सुनावत होती. मनातल्या मनात माणूस फार शूर असतो.

धंद्याने ती अंतर्सजावट करणारी. घरं आणि दुकानं सजवत इथवर आलेली, आणि हा दवाखाना म्हणजे तिचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. मोठे डॉक्टर मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचे. त्यांचा हट्ट एकच, दवाखान्यात दवाखाना दिसता कामा नये. आत पाऊल टाकलं की माणसाला सुट्टीवर आल्यासारखं वाटलं पाहिजे. पेशंट म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. फिनेलचा वास नको, पांढऱ्या ट्यूबलाइट नकोत, बाण नकोत, पाट्या तर मुळीच नकोत. चांगल्या हॉटेलात कुणी भिंतीवर ‘शौचालय’ असं रंगवतं का, असं ते विचारायचे. नसतील रंगवत. पण हॉटेलात माणसं हातपाय धड असताना जातात, हे त्यांना सांगायला कुणीतरी हवं होतं. ती समोरच बसली होती. तिने मान डोलावली.

नुसती मान डोलावून थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण शहाणपणा उतू जात होता. संडासाचं दार बिनमुठीचं करायची कल्पना तिचीच. लाकडाच्या रेषा भिंतीवरून दारावर आणि दारावरून पुन्हा भिंतीवर अशा जुळवल्या की फट म्हणून दिसेना. एका ठरावीक जागी तळहाताने दाबलं की दार अलगद उघडायचं. सुतार म्हणाला, बाई, मी आत अडकलो तर मला शोधायला पोलीस आणावे लागतील, आणि त्याने आपल्या सोयीसाठी दारावर पेन्सिलीने एक फुली मारून ठेवली. काम संपलं त्या दिवशी ती फुली हिने स्वतःच्या हाताने ओल्या फडक्याने पुसली. मग चार पावलं मागे जाऊन भिंतीचा फोटो काढला.

बाप शाळेत कवायत शिकवायचा. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. कणा असा ताठ, की खुर्चीला पाठ टेकायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. आता उजव्या हाताला कंपवात जडला होता, चालणं आखूड झालं होतं. तरी जिभेला कंप नव्हता. चहा ढवळायला मला चमचा लागत नाही, कप नुसता हातात धरला की झालं, असं आल्यागेल्याला हसून सांगायचे. डॉक्टरचं नाव काढलं की मात्र हसू गायब. त्या वासानेच मी अर्धा मरतो, उरलेला अर्धा तुम्ही कशाला मारता, म्हणून अंगावर यायचे. तिने पिच्छा पुरवला. शेवटी म्हणाली, बाबा, दवाखाना वाटतच नाही तो, मीच केलाय. लेकीने केलाय म्हटल्यावर म्हातारा विरघळला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने चापून तयार झाला.

वाटेत तिने सांगून ठेवलं, की आज परगावचे काही डॉक्टर जागा बघायला येणार आहेत, त्यांनाही असाच दवाखाना बांधायचाय, मी त्यांच्यासोबत असेन, तुम्ही नंबर येईपर्यंत शांत बसा. शांत बसा म्हणजे काय ते मास्तरांना बरोबर कळलं. तोच शब्द आयुष्यभर पोरांवर ओरडत आले होते ते.

ते बसले. सोफा इतका खोल आणि बुटका, की बसले म्हणजे बुडालेच. धरून उठायला हात नव्हते त्याला. हात फोटोत आजारी दिसतात म्हणून तेही काढून टाकलेले. थोड्या वेळाने तिने लांबून पाहिलं, तर मास्तर पुढेमागे झोके घेत उठायची खटपट करत होते. एकदाचे उठले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. विचारायचं कुणाला? काउंटरवरच्या बाईंपाशी कोट घातलेल्या परगावच्या डॉक्टरांचा घोळका. त्यात लेक. आणि लेकीने तर शांत बसायला सांगितलेलं.

मग मास्तर भिंतीकडे गेले आणि दोन्ही तळहातांनी भिंत चाचपू लागले. इथे दाब, तिथे दाब. हात थरथरतोय, पाय एकमेकांत अडकतायत, आणि माणूस आंधळ्यासारखा लाकडावरून हात फिरवत सरकतोय. तिने ते पाहिलं आणि तिला तत्क्षणी कळलं. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, पण तिला कळलं, कारण दार कुठे आहे ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर उलट्या बाजूला चालले होते.

मोठ्या डॉक्टरांनीही पाहिलं. त्यांची छाती फुगली. परगावच्या डॉक्टरांना म्हणाले, बघा, लाकूडच असं निवडलंय की येणाऱ्याला हात लावल्यावाचून राहवत नाही, आणि ही सगळी करामत या बाईंची. सगळे कौतुकाने तिच्याकडे वळले. ती हसली. चार ढांगांवर बाप होता. चार ढांगा टाकायच्या आणि भिंतीला एका जागी हात लावायचा, एवढंच काम. तिने ते केलं नाही. आत्ता जाते, यांचं वाक्य संपलं की जाते, असं म्हणत ती हसत उभी राहिली.

वाक्य संपायच्या आत मास्तरांचा हात भिंतीवरून खाली आला. ते तसेच थिजले. पायाशी फिकट गालिचा गडद होत गेला.

सगळ्यांनी नजरा छताकडे वळवल्या. सभ्य जागा होती ना. काउंटरवरच्या बाई लगबगीने आल्या आणि शिकवलेल्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, “सर, आपल्यासोबत कोणी आलंय का?”

मास्तरांनी मान वर केली. थेट तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावरचे नवे कपडे, आजूबाजूचे कोट, सगळं एका नजरेत.

“नाही,” ते म्हणाले. “एकटाच आलोय.”

आणि पाय आखूड पडत असताना कणा होता नव्हता तेवढा ताठ करून बाहेरच्या दाराकडे चालू लागले. तरीही ती हलली नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं, डाग निघेल का. आणि तिच्या तोंडून, तिच्याच तोंडून, बाहेर पडलं, “निघेल. डाग न धरणाराच घेतलाय.”

मास्तर अजून दारातच होते.

नंतर ती धावत सुटली. ते फुटपाथच्या कट्ट्यावर मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. टॅक्सीत दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आईने विचारलं तर मास्तर म्हणाले, तिथला नळ फुटला, अंगावर उडालं. आईने एकदा पॅन्टकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं आणि पाणी तापवायला निघून गेली. पॅन्ट लेकीने त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

ती घासत असताना फोन वाजला. मोठे डॉक्टरच. परगावचे डॉक्टर फिदा आहेत म्हणाले. फक्त तो दुपारचा प्रकार पुन्हा नको, अशा पेशंटना मागच्या बाजूला बसवायची काही सोय काढा. पहिल्यांदाच पेशंट म्हणाले.

“ते माझे वडील आहेत,” ती म्हणाली.

“अरेरे, आधी बोलायचं ना. आपण त्यांना आतल्या खोलीत बसवलं असतं.”

दाराला मूठ लावा आणि वर मोठ्या अक्षरात पाटी लावा, असं तिने ओरडूनच सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, “पण ती कल्पना तर तुमचीच होती.”

फोन ठेवल्यावर सुनावायला कुणी उरलं नाही. घोकून ठेवलेली सगळी भाषणं साबणाच्या पाण्यासोबत वाहून गेली.

पाठीमागे पावलं घासत आल्यासारखी वाजली. मास्तर मोरीच्या उंबऱ्याशी येऊन उभे होते, धुतलेला लेंगा घातलेले, डाव्या हाताने उजवा हात धरून. ती उठायला लागली तशी त्यांनी तिला मानेनेच बस म्हणून खुणावलं.

“औषध घेईन मी,” ते म्हणाले. “डॉक्टर चांगला असेल. पुन्हा तिथेच चल म्हणालीस तर तिथे येईन. कुठेही येईन. त्याचं मला काही नाही.”

नळ चालूच होता. त्यांनी वाकून, थरथरत्या बोटांनी तो बंद केला.

“मी भिंत चाचपत होतो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मी काय शोधतोय ते तुला कळलं होतं का? खाली बघू नकोस. हो की नाही, तेवढं सांग.”