चोरांच्या चालीची कॅसेट

पैज लागली ती शुक्रवारच्या नमाजानंतर, भर गल्लीत, आणि लागली ती मिशीवर. शुब्रा मोहल्ल्यात माणूस पैशावर पैज लावतो तेव्हा ती चेष्टा असते. मिशीवर लावतो तेव्हा कहवाखान्यातले डॉमिनोचे ठोकळे हातातल्या हातात थांबतात.

सुरुवात बहगतनेच केली. बहगत बास गिटार वाजवायचा. बावीस वर्षं, अडीच-तीनशे सिनेमे. पडद्यावर नायिका जिना उतरते तेव्हा जी धडधड ऐकू येते ती बहगतची, आणि खलनायक दार ढकलतो तेव्हा पोटात जो गोळा येतो तोही बहगतनेच आणलेला. पण नाव म्हणाल तर कुठे म्हणजे कुठेच नाही. ना पोस्टरवर, ना रेकॉर्डवर. त्याच्या सासूची अजून समजूत होती की जावई वायरमन आहे, कारण घराबाहेर पडताना त्याच्या खांद्यावर कायम वायरींचं भेंडोळं.

त्या दिवशी करकद्याच्या लाल सरबताचा तिसरा पेला रिकामा करून त्याने जाहीर केलं की दरोड्याच्या नव्या सिनेमाची संगीताची कॅसेट येतेय आणि या वेळी कव्हरवर त्याचं नाव असणार. खुद्द संगीतकार माएस्त्रो तहसीननी शब्द दिलाय, आईच्या कबरीची शपथ घेऊन.

समोरच्या दुकानातून लमई न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता, तो मान वर न करता म्हणाला, "तहसीनची आई तिकडे तांता गावी ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात लोणच्याची बरणी पाठवली तिने."

कहवाखाना हसला. बहगतचे कान तापले. तो म्हणाला, उस्ता, तू डोकी भादरायची, त्यातलं काढायला जाऊ नकोस. लमई बाहेर आला. त्याची मिशी बघण्यासारखी होती. दोन्ही टोकांना मेण, वीस वर्षांची निगा, दुकानाची पाटी नसली तरी चाललं असतं. तो म्हणाला की कॅसेट बाजारात आल्यापासून चाळीस दिवसांत कव्हरवर बहगतचं नाव दिसलं, तर तो ही मिशी गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून स्वतःच्या हाताने उतरवेल.

"आणि नाही दिसलं तर माझी," बहगत बोलून बसला. त्याचीही मिशी काही कमी नव्हती.

कहवाखान्याचा मालक हाज बय्यूमी पंच झाला. त्याने पैजेचे शब्द दोघांकडून दोनदा म्हणवून घेतले: कॅसेटच्या कव्हरवर नाव. बस्स, एवढंच.

आता हे संगीत झालं कसं तेही ऐका. माएस्त्रो तहसीन स्टुडिओत आले ते काळा चष्मा लावून, आणि आत आधीच अंधार. त्यामुळे दोन माइकस्टँडना नमस्कार करून ते बसले. नोटेशनचा कागद एकही नाही. धूर सोडत म्हणाले, "चोर आहेत, पण गबाळे नाहीत. बूट महागाचे आहेत. वाजवा." झालं संगीत-दिग्दर्शन. तीन तास कोणाला काही सुचेना. मग जेवणाची सुट्टी झाली, बहगतने कांदा आणि तेल मारून मुदम्मसची उसळ हाणली, दोन रोट्या जास्तच. पोट जड, म्हणून बोट जड. प्रत्येक सूर ठोक्याच्या जरा मागे पडायला लागला, जणू चोराला तिजोरीपर्यंत पोचायची काही घाईच नाही. ढोलवाला हसला आणि त्याच्या मागे गेला. गिटारवाल्याने पायाखालचं पेडल दाबून गिटार मांजरासारखी गुरगुरवली. ऑर्गनवाल्याने मधेच दोन बोटं मारली, लांबून कोणी शीळ घालावी तशी. चाळीस मिनिटांत आख्खी बाजू तयार. माएस्त्रोंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "अगदी असंच माझ्या डोक्यात होतं."

सिनेमा पडला. चार चोर मखमली कोट घालून बँक फोडतात अशी गोष्ट होती, पण बँकेची तिजोरी म्हणून निर्मात्याने मेव्हण्याचं मटणाचं शीतगृह वापरलं होतं. चोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि मागे एका दृश्यात मेंढी लटकलेली स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या आठवड्यात थिएटरात फक्त उकाड्याला कंटाळलेली माणसं उरली. पण बाहेर पडणारा प्रत्येक जण ती चाल गुणगुणत बाहेर पडायचा, आणि एरवी फाटक्या चपलेने फरफटत चालणारा कारकूनही चार पावलं अशी टाकायचा की वाटावं, याच्या खिशात स्विस बँकेची किल्ली आहे.

मग कॅसेट आली. बहगतने दुकानातच कव्हर उघडलं नाही. घरी आणून बायकोच्या हातात दिलं. इन्शिराहने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. पुढे माएस्त्रोंचा फोटो, चष्म्यासकट. नाव तीन ठिकाणी. आत आणखी एकदा.

"निर्मात्याच्या सासूबाईंचे आभार आहेत," ती म्हणाली. "मखमली कोट शिवणाऱ्या शिंप्याचं नाव आहे. शीतगृहाचा पत्ता आहे, फोन नंबरासकट. आणि हे बघा, तुम्हीही आहात की. 'आणि इतर'."

बहगतने कॅसेट लावली, ऐकली, बंद केली. मिशी गेली तर परत येईल हे त्याला कळत होतं. पण हे संगीत पुन्हा येणार नव्हतं. आयुष्यात एकदाच असं बोट पडतं, आणि ते 'इतर'च्या नावावर जाणार होतं. माएस्त्रोंना फोन केला तर ते म्हणाले की कव्हर छापखान्यात गेल्यावर जागाच उरली नाही, पुढच्या सिनेमात नक्की, आईच्या कबरीची शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता त्याला पैजेचे शब्द आठवले. कॅसेटच्या कव्हरवर नाव. कुणाची कॅसेट, कुणी छापलेली, याबद्दल हाज बय्यूमीने एक अक्षर म्हणवून घेतलं नव्हतं. तो आरशात स्वतःकडे बघून इतका हसला की हनुवटी कापली.

ट्रामच्या थांब्यापाशी हम्मूदाची टपरी होती. अख्खं शुब्रा गाणी ऐकायचं ते हम्मूदाच्या कृपेने. मूळ कॅसेट एक घ्यायची आणि तिची दोनशे पिल्लं काढायची, हा त्याचा धंदा. बहगतने त्याच्याकडे एकच मागणी केली: या कॅसेटच्या नकला तू काढणारच आहेस, तर कव्हरवर माझं नाव घाल.

हम्मूदा त्याला अम्म, म्हणजे काका म्हणायचा. तो म्हणाला, "नाव कोण वाचतं, अम्म बहगत? तोंड लागतं तोंड. यात गाणाराच नाही, गिऱ्हाईक विचारतं, मग आहे कोण? बिनतोंडाची कॅसेट मी विकत नाही. कोंबडीपालनाच्या भाषणावरसुद्धा मी बाई छापली होती."

बहगतने वादक संघाच्या कार्डावरचा फोटो काढून दिला. हम्मूदाच्या छापखानेवाल्याने त्याला रंग दिले. गाल टोमॅटोसारखे, ओठ नवरीसारखे, आणि मिशी तर अशी काळी की बुटाचं पॉलिश संपलं असावं. खाली ठळक अक्षरांत: 'शुब्र्याचा बहगत, चोरांचा बादशहा'.

आठ दिवसांत चमत्कार झाला. टॅक्सीत बहगत, मायक्रोबसमध्ये बहगत. शेजारच्या रौद अल-फरग वस्तीतल्या एका लग्नात नवरी मांडवात आली ती चोरांच्या चालीवर, आणि तिचा बाप मागून ठेका धरत. बेकरीवाला बहगतला रांग मोडून गरम रोट्या देऊ लागला. सासूने कव्हर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की वायरमनचे फोटो कधीपासून छापायला लागले. बहगत स्वतः आता गल्लीतून सावकाश, ठोक्याच्या मागे राहून चालायचा.

लमईने तक्रार केली की ही चोरीची कॅसेट, ही धरायची नाही. हाज बय्यूमीने शब्द परत म्हणून पाहिले, चिमटा निखाऱ्यात खुपसला आणि निकाल दिला: कव्हर आहे, नाव आहे. छत्तिसाव्या दिवशी, शुक्रवारी, मिशी जाईल.

इकडे माएस्त्रो तहसीननीही मूळ कॅसेट विकली जात नाही हे पाहिलं आणि कलेची चोरी झाली म्हणून पोलिसांत अर्ज दिला. मागाहून चढवलेली ट्रम्पेटची ओळ त्यांनी एका इटालियन रेकॉर्डवरून उचलली होती, बाकीचं बहगतच्या पोटातून आलं होतं. पण अर्जात त्यांनी लिहिलं की हे संगीत म्हणजे त्यांच्या काळजाचा तुकडा आहे.

शुक्रवारी गल्लीच्या मधोमध खुर्ची आली. बायका बाल्कन्यांत, माणसं स्टुलांवर, पोरं भिंतीवर. बहगतने इथे जरा जास्तच केलं. त्याचं म्हणणं, आधी जिंकणाऱ्याची दाढी-मिशी नीट झाली पाहिजे, तीही हरणाऱ्याच्या हातून, मग हरणाऱ्याची उतरावी. सगळ्यांना पटलं. लमईने दात-ओठ खात त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड आवळलं आणि रागारागाने इतका फेस लावला की नाकापासून खाली सगळं पांढरं. कहवाखान्यातून चोरांची चाल जोरात वाजत होती.

ती एकदम बंद झाली. हाज बय्यूमीने बंद केली होती. गल्लीच्या तोंडाशी सफारी सूटमधला एक अधिकारी उभा होता, मागे दोन शिपाई, हातात कॅसेट.

"हा बहगत कुठे राहतो?" त्याने फोटो सगळ्यांना दाखवत विचारलं. कोणी निखारे फुंकले, कोणी सूर्यफुलाच्या बिया सोलायला लागलं. अधिकाऱ्याने समजावलं की हा स्वतःच लिहून देतोय, चोरांचा बादशहा आहे म्हणून, आता आणखी पुरावा तो काय हवा? सहा महिने आत जाईल आणि वादक संघाचं कार्डही जाईल.

फेसाखाली बहगत गार पडला. कार्ड गेलं की कुठलाच स्टुडिओ दारात उभा करणार नाही. बास कायमची खुंटीला.

अधिकारी खुर्चीपाशी आला. "हा कोण?"

लमईने वस्तरा पुसला. एक शब्द बोलला असता तर बहगत आत आणि पैज बारगळलेली. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आहे, बाशासाहेब. याला माहीत असेल, याला ओळखी फार." आणि वाकून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "काय हो, कॅसेटच्या कव्हरवर ज्याचं नाव आहे तो तुम्ही का?"

बावीस वर्षं बहगत ज्या प्रश्नाची वाट बघत होता, तो हाच होता.

"मी नव्हे," बहगत फेसातून म्हणाला.

"नक्की? म्हणजे तुमचं नाव कव्हरवर नाही?"

"नाही."

"ऐकलंत ना, हाज बय्यूमी?"

"ऐकलं," हाज बय्यूमी म्हणाला. नाव नाही म्हणजे पैज हरली, आणि निकाल तो निकाल.

लमईने मिशीवर वस्तऱ्याची उजव्या बाजूने एक ओढ दिली, डाव्या बाजूने एक. वरच्या बाल्कनीत इन्शिराहने तोंडावर ओढणी घेतली, हसायला की रडायला हे खालून दिसलं नाही. मग लमईने ओला टॉवेल फिरवला. अधिकाऱ्याने फोटो बहगतच्या गालाशी धरला. इकडे टोमॅटोसारखे गाल आणि पॉलिशची मिशी, तिकडे सोललेल्या बटाट्यासारखं तोंड. त्याने मान हलवली.

हाज बय्यूमीने चहा पुढे केला. अधिकाऱ्याने उभ्याने घेतला, कॅसेट खिशात घातली, पेला परत दिला. जाता जाता वळून म्हणाला, "पण वाजवतो मात्र हरामखोर. माझी मुलं घरात दुसरं काही लावूच देत नाहीत. भेटला तर सांगा त्याला."

"सांगतो, बाशा," बहगत म्हणाला.

सफारी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. चालताना अधिकाऱ्याचं प्रत्येक पाऊल ठोक्याच्या जरा मागे पडत होतं, हे सगळ्या गल्लीने पाहिलं. मग लमईने कापड झटकलं, पहिला तोच पुढे झाला आणि नुकतीच दाढी केलेल्या माणसाला म्हणायची रीत आहे तसं, हात छातीवर ठेवून म्हणाला, "नईमन, अम्म बहगत."

नईमन म्हणजे सुखाची होवो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. बहगतने दिलं. मग हाज बय्यूमी आला, बेकरीवाला आला, हम्मूदा ट्रामथांब्यावरून खास आला, भिंतीवरची पोरं उतरून रांगेत लागली. एकेक जण छातीवर हात ठेवून म्हणत होता, नईमन, आणि बहगत उघड्या ओठावरून वारा खात प्रत्येकाला म्हणत होता, अल्ला तुझंही भलं करो.