शुक्रवार पाचचा सौना

गेल्या शुक्रवारी वेन्ला आईच्या खुर्चीमागून पाणी प्यायला गेली आणि मिन्नाच्या नाकाला बर्चच्या ओल्या पानांचा वास आला. वळून पाहिलं तर पोरीचे केस ओले, गाल लालबुंद.

"कुठे होतीस गं?"

"खाली."

"खाली कुठे?"

"खालीच," म्हणून नऊ वर्षांची ती बया खोलीत पसार झाली.

मिन्नाच्या डोक्यात भुंगा शिरला तो आठवडाभर निघाला नाही. खाली तळघरात इमारतीचा सामाईक सौना होता, वाफेत बसून बर्चच्या ओल्या डहाळ्यांनी अंग चोपायची खोली, आणि शुक्रवारी पाचची वेळ मिन्नाच्याच नावावर होती. तांपेरे शहरात सौन्याला शुक्रवारची वेळ मिळणं म्हणजे चेष्टा नव्हे, चार वर्षं रांगेत काढावी लागली होती. पण घरून काम सुरू झाल्यापासून तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. ऑफिसात चार वाजले की सगळे उठायचे, त्यांच्याबरोबर आपणही उठायचं, यात लाजण्यासारखं काय? घरी कोण उठलं ते दिसत नाही. दिसतो तो फक्त कॉम्प्युटरवर नावापुढचा हिरवा ठिपका. जरा दूर गेलं की तो पिवळा होतो आणि मिन्नाला दुकानातून पाव चोरल्यासारखं वाटतं. तिला कोणी काही बोललेलं नव्हतं, हे विशेष!

वापरली नाही तर वेळ रांगेतल्या पुढच्याला जाते, हा इमारतीचा नियम. म्हणजे आपली वेळ गेलीसुद्धा? आणि पोरगी परक्यांच्या वेळेत घुसते? मिन्नाला राहवेना.

या शुक्रवारी पाचला वेन्लाने टॉवेल बगलेत मारला. "आई, येतेस?"

"पाच मिनिटं. एवढं पाठवते आणि आलेच."

वेन्लाने "हं" म्हटलं आणि दार ओढून घेतलं. त्या "हं"मध्ये राग असता तर मिन्ना बसून राहिली असती. राग नव्हता, पोरीने वाट पाहणंच सोडलं होतं. अर्धं वाक्य तसंच टाकून मिन्ना जिना उतरली. ठिपक्याची आठवण दुसऱ्या मजल्यावर झाली, पण तोवर खालून हसणं ऐकू आलं आणि कुतूहलाने बाजी मारली.

तिने सौन्याचं दार उघडलं. वरच्या फळीवर वेन्ला आणि तिच्या शेजारी तळमजल्यावरच्या राउहाआजी, दोघी घामाने निथळत होत्या.

"दार लाव, वाफ जातेय!" आजी ओरडल्या. "आणि जीन्स घालून कोणी आत येतं का? लाज आहे की नाही?"

मिन्ना मुकाट्याने सौन्याच्या रिवाजाप्रमाणे कपडे काढून खालच्या फळीवर टेकली. "पण आजी, तुमची वेळ तर मंगळवारी ना?"

"हो की. ही वेळ तुझीच आहे. वहीत तुझंच नाव आहे."

"मग तुम्ही इथे?"

"रिकामा सौना दिसला की आठवडाभरात तुझं नाव कापतील. म्हटलं, तू येईपर्यंत फळी गरम ठेवू. ही पोर जिन्यात टॉवेल घेऊन बसायची, तिलाही सोबत."

जिन्यात बसायची. मिन्नाने वर लेकीकडे पाहिलं. "मला वाटायचं, मी मधेच उठले तर लोक म्हणतील..."

"कापडगिरणीत आमचा भोंगा व्हायचा," आजी म्हणाल्या. "भोंगा झाला की हातातला धागा तिथेच. त्यावर कोणी काही म्हणत नसे. तुझा भोंगा कोण वाजवणार, तुझी पोरगी?"

वेन्लाने ताबडतोब गाल फुगवून असा भोंगा वाजवला की आजींनी कान झाकले. मग तिने पळीभर पाणी भट्टीवरच्या तापल्या दगडांवर ओतलं. वाफेचा लोट आला आणि मिन्नाचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते हे तिला आत्ताच कळलं. वर टेबलावर ठिपका पिवळा झाला असणार. होईना का! तिला आत कुठेतरी टोचतंय का, हे तिने शोधून पाहिलं. फक्त घाम आला होता.

वेन्ला खाली सरकून तिला चिकटून बसली. पाचाचे सहा कधी झाले, कळलंच नाही.

दारावर थाप पडली. सहाच्या वेळेवाल्या बाई होत्या.

"पाच मिनिटं!" मिन्ना ओरडली. "फक्त पाच मिनिटं, आलेच!"