पुडी तीन

सोमवार, ११ मार्च १९७४. सकाळी सव्वादहा वाजता सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्हरांड्यात निंगव्वा नावाच्या साठीच्या बाईंनी पाय धुण्यासाठी दिलेलं औषध तोंडात टाकलं आणि वर घटाघटा पाणी प्यायलं.

औषध म्हणजे जांभळट काळे खडे. बादलीभर कोमट पाण्यात चिमूटभर टाकायचे आणि चिघळलेला पाय त्यात बुडवून ठेवायचा. आख्खी पुडी जिभेवर गेली. ओठ जांभळे झाले, जीभ भाजली. आधी पाहिलं ते अक्कम्मा या जुन्या आयाने. "काय गं, भर उन्हाळ्यात जांभळं कुठनं आणलीस?" असं म्हणत ती हसत जवळ गेली आणि दुसऱ्याच क्षणी डॉक्टरांच्या नावाने ओरडत सुटली.

डॉक्टरांनी बाईंचं तोंड धुतलं, दूध पाजलं, त्यांना खाटेवर घेतलं. जिवाला धोका नाही, पण दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल, असं ते म्हणाले.

मेट्रन मुक्ताबाईंपर्यंत ही बातमी पोचली तेव्हा त्यांच्या टेबलावर एक अर्ज होता. अर्जदार रेवणप्पा, वय एकोणतीस, मूळ गाव वळसंग, दहा वर्षं याच रुग्णालयात ड्रेसर, म्हणजे जखमांना पट्ट्या बांधणारा. बाहेरून बसून एस.एस.सी. पास झालेला. त्याला रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये साडेतीन वर्षांचं शिक्षण घेऊन नोंदणीकृत नर्स व्हायचं होतं. स्कूलमध्ये पुरुषांना दोनच जागा होत्या. अर्जावर मेट्रनची शिफारस हवी होती आणि शेवटचा दिवस होता शुक्रवार, १५ मार्च. वय तिशीच्या आत हवं या अटीमुळे पुढच्या वर्षी त्याला अर्जच करता येणार नव्हता.

मुक्ताबाईंचं मत ठरलेलं होतं. शिफारस करायची नाही. दहा वर्षांच्या सवयी घेऊन आलेला माणूस नव्याने काय शिकणार? अठरा वर्षांच्या मुलींच्या वर्गात हा मिशीवाला बसणार कुठे? शिवाय बायकांच्या वॉर्डातून तक्रारी येणार, त्या कोण निस्तरणार? आणखी एक कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रेवणप्पा फार प्रश्न विचारायचा. तीच पट्टी, तेच मलम, मग एकाची जखम भरते आणि शेजारच्याची का भरत नाही? ताप काखेत कमी आणि तोंडात जास्त का? "तुला काय करायचंय?" या उत्तरावर तो मान हलवून जायचा आणि आठ दिवसांनी नवा प्रश्न घेऊन यायचा.

अर्ज बाजूला सारून मुक्ताबाई ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या. तिथे गोजरबाई या स्टाफ सिस्टर डोळे पुसत उभ्या होत्या.

"बाई, मी नीट सांगितलं. चिठ्ठीवर होतं तेच वाचलं. 'समजलं का' म्हणून विचारलं. म्हातारी 'व्हय' म्हणाली. आता खाल्लं तर मी काय करू?"

"काय बोललात ते शब्दन् शब्द सांगा."

"पुडी तीन, पाणी कोमट, रोज एकदा."

दवाखान्यात 'पुड्या तीन' असं कुणी म्हणत नसे. चिठ्ठीवर असेल तसंच वाचायचं, गोळी सहा, पुडी तीन, बाटली एक, अशी रीतच पडली होती. मुक्ताबाईंना यात चूक दिसेना. त्यांना राग यायला हवा होता, पण आलं ते कुतूहल. एवढं सरळ सांगितल्यावर एखादी शहाणीसुरती बाई पाय धुण्याचं औषध खाते कशी?

"तिच्याशी शेवटचं कोण बोललं?"

"रेवणप्पानं ड्रेसिंग केलं. कानडीत काहीतरी बोलत होता. त्यानंच काही सांगितलं असेल," गोजरबाई म्हणाल्या.

रेवणप्पा दारातच उभा होता. तो म्हणाला, "मी पाय दुखतो का एवढंच विचारलं बाई. औषधाचं न्हाय." मग तो थांबला. 'पुडी तीन' हे दोन शब्द त्याने हळूच स्वतःशी म्हटले. पुन्हा म्हटले. त्याचा चेहरा बदलला.

"बाई, म्हातारीला एक विचारू का?"

"विचार."

तिघं खाटेपाशी गेली. रेवणप्पा वाकून म्हणाला, "अव्वा, सिस्टर एन् अंद्रु?" म्हणजे, सिस्टर काय म्हणाल्या?

निंगव्वाने सुजलेल्या जिभेने कसंबसं उत्तर दिलं, "पुडी तिन् अंद्रु. तिंद्नि." आणि काही चुकलं का, अशा नजरेने ती सगळ्यांकडे पाहू लागली.

"काय म्हणते?"

"बाई, कानडीत पुडी म्हंजे पूड, भुकटी. आणि तिन् म्हंजे खा. गोजरसिस्टर म्हनल्या 'पुडी तीन'. हिला ऐकू आलं, पूड खा. म्हणून खाल्ली म्हणते. वर पानी कोमट. म्हंजे कोमट पान्याबरुबर. कोमट मिळालं न्हाय म्हणून गार प्याली. लई आज्ञाधारक हाय बिचारी."

अरे देवा! दोनच शब्द. मराठीत तो हिशेब होता आणि कानडीत तो हुकूम होता!

गोजरबाई मटकन खाटेच्या कडेवर बसल्या. मुक्ताबाईंचं डोकं मात्र पुढच्या प्रश्नावर गेलं होतं.

"सिस्टर बोलल्या तेव्हा तू कुठे होतास?"

"ड्रेसिंगच्या खोलीतच. हात धूत व्हतो."

"म्हणजे तुलाही ऐकू आलं असणार. तुझ्या घरची भाषा कानडी. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"न्हाय. दवाखान्यात पाय टाकला की माझे कान मराठी व्हतात." तो इथे थांबू शकला असता. गोजरबाईंनी त्याच्याकडे पाहून डोळ्यांनी खूणही केली. पण तो पुढे म्हणाला, "ती पुडी पदराला बांधायची सोडून उकलायला लागली, ते मी बघितलं बाई. मनात आलं, विचारावं, अव्वा काय करतीस. पन विचारलं न्हाय."

"का?"

ड्रेसिंगच्या खोलीचं दार उघडं होतं. रेवणप्पा आतल्या भिंतीकडे पाहत राहिला. तिथे चौकटीत एक सूचना लावलेली होती. 'ड्रेसरने रुग्णाला औषधाविषयी काहीही सांगू नये.' खाली मुक्ताबाईंची सही. दोन वर्षांपूर्वी एका ड्रेसरने आपल्या मनाने कुणाचं तरी मलम बदललं होतं, तेव्हा त्यांनीच ती लावली होती.

"जे सांगितलंस ते लिहून देशील?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"देतो की."

मेट्रनबाई गेल्यावर गोजरबाई त्याच्यावर उसळल्या. "अरे मुडद्या, कशाला बोललास? कुणी विचारलं होतं? शुक्रवारी तुझ्या अर्जावर सही व्हायची आहे आणि तू आपल्या हातानं लिहून देतोस, मी बघितलं न् गप बसलो!"

"विचारलं की सिस्टर. बाईंनी विचारलं."

"मोठा आला! तुला टोपी शिवून ठेवणार होते मी, सिस्टर रेवणप्पा म्हणून."

"मिशीवर शोभंल का ती?" तो म्हणाला. गोजरबाईंना रडता रडता हसू आलं.

दुपारी मुक्ताबाई निवेदन वाचत बसल्या होत्या. पाच ओळी होत्या, वळणदार नाही पण स्वच्छ अक्षरात. कुणावर ढकललेलं काही नव्हतं. भिंतीवरच्या सूचनेचा उल्लेखही नव्हता. अक्कम्मा पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि नेहमीसारखी रेंगाळली. तीस वर्षांच्या नोकरीत तिने चार मेट्रन पाहिल्या होत्या. त्यामुळे ती कुणाला भीत नसे.

"गोजरबाई म्हणतात, आता आम्ही कानडी शिकायचं का?" मुक्ताबाई म्हणाल्या. "उद्या तुमच्या विणकर गल्लीसाठी तेलुगू, परवा दखनी. कसं जमायचं, अक्कम्मा?"

"भाषेचं काय घेऊन बसलात बाई! मी नवी लागले तवा मला मराठी येत नव्हतं. पयल्या मेट्रन म्हनल्या, थर्मामीटर गरम पान्यात धुवू नको, समजलं का? मी म्हनलं, व्हय. सात फोडले."

"सात?"

"सात. आठव्याला त्या म्हनल्या, कशी धुतीस दाखव. मी दाखवलं. मग त्यांना कळलं आणि मला बी कळलं."

"पण 'समजलं का' म्हणून आम्ही विचारतो ना प्रत्येकाला?"

अक्कम्मा हसली. "ते विचारनं न्हाय बाई. त्याचा अर्थ हाय, उठा आता. मागं रांग असते, तुमचा पांढरा कपडा असतो, कपाळाला आठी असते. गरीब मानूस काय म्हननार? व्हयच म्हननार. 'न्हाय समजलं' म्हनायला लई धाडस लागतं. ते तुमच्या शिकलेल्या पोरींना बी न्हाय आणि त्या रेवणप्पाला बी नव्हतं. तो बी सकाळी तुमच्या भिंतीवरच्या सूचनेला 'व्हय' म्हनूनच गप बसला की."

मुक्ताबाईंना हे लागलं. पण नुसतं पटलं म्हणून थांबणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांना मोजून पाहायचं होतं. मंगळवारी सकाळी त्या स्वतः औषधाच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून बसल्या. रेवणप्पाला शेजारी उभं केलं. औषध घेऊन 'व्हय' म्हणून निघालेल्या प्रत्येकाला थांबवायचं आणि एवढंच म्हणायचं, घरी गेल्यावर काय करणार ते हाताने दाखवा. मराठी येत नसेल त्याला रेवणप्पाने किंवा अक्कम्माने विचारायचं.

बारा वाजेपर्यंत वीस जणांना थांबवलं. विसांनीही आधी मान डोलावली होती. तेरा जणांनी बरोबर दाखवलं. मोहोळच्या आबासाहेब नावाच्या गृहस्थांनी कानात घालायचे थेंब डोळ्यात घालून दाखवले. एका बाईंनी लावायचं मलम बोटाने चाटून दाखवलं. सात जण चुकले.

मुक्ताबाईंनी सातही नावं पुन्हा तपासली. तीन कानडी किंवा तेलुगू बोलणारे निघाले. चौघांच्या घरची भाषा मराठीच होती.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणजे कानडीचा दोष नव्हता! सोमवारी 'तीन' आणि 'तिन्' एकमेकांसारखे निघाले म्हणून चूक उघडी पडली, एवढंच. बाकीच्या चुका रोज गुपचूप घरी जात होत्या, आणि आपण प्रत्येकाला 'समजलं का' म्हणून निरोप देत होतो.

"रेवणप्पा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला नर्स का व्हायचंय?"

मेट्रनबाईंनी आपल्याला 'तुम्ही' म्हटलं, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"बाई, ड्रेसरनं पट्टी बांधायची. पट्टीखाली काय चाललंय ते नर्सला शिकवतात. मला ते बघायचं हाय. निंगव्वाचा पाय चार महिने भरत न्हाय. मी रोज बांधतो. का भरत न्हाय, मला म्हाईत न्हाय. म्हाईत नसताना बांधायची लाज वाटायला लागली."

"बायकांच्या वॉर्डात तक्रारी आल्या तर?"

"येतील. पयल्यांदा डॉक्टर बी पुरुष आले तवा आल्या असतील की."

ज्या प्रश्नांमुळे हा माणूस त्यांना नकोसा झाला होता, तेच विचारायला एखादी नर्स शिकली असती तर सोमवार टळला असता. आणि ज्याला ते सुचले होते, त्याचं तोंड भिंतीवर सूचना लावून त्यांनीच बंद केलं होतं. दहा वर्षं जखमा पाहिलेल्या माणसाला नव्याने काय शिकवायचं, असं त्या विचारत होत्या. शिकायची इच्छा त्याच्याकडे होती. अडसर आपणच होतो!

गुरुवारी ती सूचना काढली. तिच्या जागी मुक्ताबाईंनी नवी लावली. 'रुग्ण चुकत आहे असे दिसल्यास कोणत्याही कर्मचाऱ्याने त्याला थांबवावे आणि सिस्टरला बोलवावे. न थांबवल्यास जबाबदारी धरली जाईल.' चौकशीच्या अहवालात त्यांनी तीन कारणं लिहिली. औषध वाचून दाखवण्याची पद्धत, समजल्याची खात्री न करणं आणि मेट्रनने लावलेली चुकीची सूचना. तिसऱ्या कारणापुढे स्वतःचं नाव घातलं. रेवणप्पाचं निवेदन त्याच्या अर्जाला जोडलं आणि शिफारशीत लिहिलं, 'या उमेदवाराने आपली चूक कोणी दाखवण्याआधी स्वतः सांगितली. परिचर्येचे बाकीचे सर्व शिकवता येते.'

नागरिकहो, ही गोष्ट एका दवाखान्याची आहे म्हणून आपण सुटलो असं समजू नका. कचेरीच्या खिडकीत, रेशनच्या दुकानात, शाळेच्या वर्गात आपणही रोज 'समजलं का' म्हणतो आणि समोरच्याची मान हलली की मोकळे होतो. मान हलणं म्हणजे समजणं नव्हे. समोरच्याला 'नाही' म्हणता येईल इतकी जागा ठेवणं हे सांगणाऱ्याचं काम आहे. आणि जो खालच्या जागेवरून 'का' विचारतो, त्याला गप्प करण्याऐवजी शिकवावं. त्याच्या शिकण्याने आपलीच माणसं वाचणार आहेत.

शुक्रवार, १५ मार्चला अर्ज नर्सिंग स्कूलच्या निवड समितीकडे रजिस्टर पोस्टाने गेला. निंगव्वाची जीभ बरी झाली. पाय अजून भरलेला नाही, साखर आहे का ते पाहायला डॉक्टरांनी तिची लघवी तपासायला पाठवली आहे. औषधाच्या खिडकीत गोजरबाई आता प्रत्येकाला हाताने करून दाखवायला लावतात. त्यामुळे रांग लांबते आणि लोक कुरकुरतात.

जूनमध्ये लेखी आणि तोंडी परीक्षा झाली. रेवणप्पा दोन्हींत उत्तीर्ण झाला. मात्र अर्जाच्या दिवशी तो तिशीच्या आत असला, तरी वर्ग सुरू होताना तीस पूर्ण होतात, असा आक्षेप निवड समितीतल्या एका सदस्याने घेतला. वय कोणत्या तारखेला मोजायचं, हा प्रश्न वर पाठवण्यात आला. १ जुलैला वर्ग सुरू झाले. हजेरीपटावर रेवणप्पाचं नाव नाही. सकाळचं ड्रेसिंग आटोपून तो मेट्रनबाईंच्या लेखी परवानगीने तासाला बसतो.

शनिवार, ६ जुलैच्या टपालापर्यंत वरून उत्तर आलेलं नव्हतं.