गाडीचा आवाज आला नाही

मी एम. एच. अठरा पासिंगची पांढरी स्कूटी बोलतेय. पांढरी आता नावालाच.

मला घरी आणलं भाईदास आबांनी. धुळ्यात सकाळी दूध आणायचं, संध्याकाळी देवळापर्यंत जायचं, एवढंच काम. दोन वर्षं फार सुखात गेली. मग त्यांच्या सुनेची, कामिनी मॅडमची, बदली पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात झाली. आबांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "ने माय, मी पायी जाईन," एवढंच म्हणाले. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ट्रकच्या कडेकडेनं रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. शिक्षक दोन: मुख्याध्यापक योगेंद्र सर आणि मॅडम. मला अंगणातल्या कडुनिंबाखाली लावतात. मोबाईलला रेंज नेमकी तिथंच येते, त्यामुळे मॅडमचं अर्धं ऑफिस माझ्या सीटवर चालतं. वरून साधी माहिती कधी मागवत नाहीत. मागवतात ती तातडीचीच.

शाळेचं फाटक रोज रूपा उघडायची. तिसरीतली, दोन वेण्यांची पोर. वळणावर माझा आवाज आला की धावत सुटायची. फळ्यावरचं उतरवताना मात्र अर्धे शब्द गाळायची. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" मॅडम रागवायच्या. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

त्या गुरुवारी गावाच्या अलीकडच्या चढावर मी बंद पडले. बटण दाबून झालं, किक मारून झाली, मी काही हूं की चूं केलं नाही. मॅडमनी पदर खोचला आणि मला ढकलत आणलं.

रूपा फाटकाशीच उभी होती. आमच्याकडेच बघत होती. आम्ही दहा हातांवर आलो तरी ती हलली नाही.

"कोन शे?" तिनं विचारलं.

"अगं, मी. फाटक उघड ना."

रूपा दचकली. धडपडत कडी काढली. "मॅडम, तुमी शेतस का? गाडीना आवाज उना नही, म्हनीसन समजनं नही."

मॅडम तिथंच थांबल्या. मग चार पावलं मागं गेल्या आणि दोन बोटं वर धरली. "किती?"

रूपानं डोळे बारीक केले. "तीन?"

"फळ्यावरचं दिसतं तुला?"

"शेजारनी पोर सांगस, तसं लिखस."

मॅडमचा चेहरा पडला. माझं हँडल त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की ब्रेक लागला.

पण शाळेला दुःख करायला सवड कुठली? घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली. पहिलीतल्या एकानं दुसऱ्याच्या दप्तरात बेडूक सोडला, त्याचा निवाडा झाला. बेबाबाईंनी शिजवलेली खिचडी चाखून वहीत सही झाली. साडेअकराला मॅडम माझ्या सीटवर बसल्या आणि कुणाकुणाला बूट मिळाले याची तातडीची माहिती भरली. रेंज दोनदा गेली. तिसऱ्यांदा माहिती गेली, तशा त्या सरांकडे गेल्या.

"सर, आज गुरुवार. पारोळ्याच्या दवाखान्यात डोळे तपासायला दोनपर्यंत माणूस असतो. वर्ग सांभाळाल?"

"माहिती गेली?"

"गेली."

"मग जा. मी सगळ्यांना एकत्र बसवून गाणी घेतो. माझा आवाज माहीत आहे तुम्हाला, पोरांची दया येत असेल तर लवकर या."

रूपाचं शेत शाळेला लागूनच. तिची आई लताबाई कंबरेला कापसाची ओटी बांधलेली तशीच आली. "मॅडम, फुडला गुरुवारले लई जाऊत. आज कापूस येचाना शे."

"ताई, अडीच वर्षं ही माझ्यासमोर बसते आणि मला कळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आता आठ दिवस नकोत."

लताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ओटी सोडली.

राहिले मी. रूपाचा बाप पुना पाना घेऊन आला. "प्लग काळा पडना शे. आते व्हई जाई." त्यानं प्लग घासला, फुंकला, बसवला. पहिली किक वाया गेली. दुसरीला मी खोकले. तिसरीला सगळा जीव एकवटला आणि सुरू झाले.

रूपा पुढं उभी, मॅडम मध्ये, लताबाई मागं. तिघींना घेऊन जायचं माझं वय नाही, पण त्या दिवशी कुरकुर केली नाही. दवाखान्यापाशी पोहोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते. तपासणारा माणूस पेटी आवरत होता. मॅडमनी मला स्टँडवर धड लावलंही नाही, रूपाचा हात धरून आत पळाल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात चिठ्ठी होती. समोरच तोताराम नानांचं चष्म्याचं दुकान. "तासाभरात करून देतो," नाना म्हणाले. मॅडमनी सरांना फोन लावला. पलीकडून गाणं ऐकू आलं. सर खोटं बोलले नव्हते.

तासाभरानं तिघी दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. रूपाच्या नाकावर गोल चष्मा, आणि पाय ती जपून टाकत होती. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"मी तुला उगाच रागवायचे, रूपा. चुकलं माझं."

रूपाचं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती मॅडमच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग हळूच बोट पुढं केलं.

"मॅडम, तुमना नाकवर तीळ शे."

"आहे गं," मॅडम म्हणाल्या आणि हेल्मेट घालायची त्यांना एकदम घाई झाली. काच खाली ओढली तरी मला आरशातून त्यांचे डोळे दिसलेच.

आता मी अकरा वर्षांची आहे. सीट उसवली आहे, डावा आरसा दोऱ्यानं बांधला आहे. माझ्यासाठी काही मागणं नाही. तुमच्या घरात एखादं पोर लिहिताना चुकत असेल, तर रागवायच्या आधी चार पावलं मागं जाऊन दोन बोटं तेवढी दाखवा.

निघते. पावणेनऊ झाले आणि मॅडमना हेल्मेट अजून सापडलेलं नाही.