तीन नंबरच्या शाळेचा हॉल

अर्ज टेबलावर आला तेव्हा तो चष्म्याच्या काचा पुसत होता. त्यामुळे मजकूर दिसला नाही, फक्त खालच्या सहीचा आकार दिसला. पहिलं अक्षर उंच आणि बाकीची त्याच्या मागे धावत सुटलेली. चष्मा न लावताच त्याला कळलं की ही आपल्या लेकीची सही आहे. सातवीत असताना ती वहीच्या मागच्या पानावर हीच सही गिरवत बसायची आणि तो म्हणायचा, ‘अगं, आधी सही करण्याजोगं काहीतरी कर.’

तो नगरपालिकेत इमारत तपासनीस होता. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सात महिने उरलेले. ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणत. गवंड्याच्या दोरीला बांधलेल्या त्या वजनासारखाच होता तो. कोणी कितीही धक्का दिला तरी जरासा हलायचा आणि परत सरळ. हे नाव त्याला ठाऊक होतं. पूर्वी ते त्याला मनातून आवडायचंही.

त्याने चष्मा लावून अर्ज वाचला. तीन नंबरच्या शाळेच्या पालक-शिक्षक मंडळाला शाळेच्या मैदानावर एक दिवसाचा मेळा भरवायचा होता. गावाने यावं, खावं-प्यावं, मुलांची गाणी ऐकावीत आणि बंद पडलेल्या हॉलच्या दुरुस्तीला हातभार लावावा. मंडप, स्टेज, खुर्च्या आणि पाणी एवढा खर्च नगरपालिकेने उचलावा, अशी विनंती होती.

तो हॉल त्यानेच बंद केला होता, चार वर्षांपूर्वी.

तेव्हा लेक त्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून ती कधी एका जागी टिकायची नाही. शाळेत गेल्या गेल्या तिने चाळीस मुलांचं नाटक बसवायला घेतलं. घरातल्या चादरी पडदे म्हणून गेल्या, त्याची जुनी टोपी कुठल्याशा प्रधानाच्या डोक्यावर गेली. रोज संध्याकाळी जेवताना तालमीच्या गोष्टी. तो हसायचा, मध्येच विचारायचा, ‘मग त्या प्रधानाला वाक्यं पाठ झाली का?’

एके दिवशी नेहमीच्या तपासणीत तो त्या हॉलच्या छतावर चढला. मधली तुळई वाळवीने खाल्लेली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. त्याने दुपारीच अहवाल लिहिला. मुख्याधिकाऱ्यांची सही दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होती. त्या संध्याकाळी लेक समोर बसून जेवत होती आणि सांगत होती की उद्या पहिल्यांदाच पूर्ण पोशाखात तालीम आहे. त्याने अहवालाचा विषय काढला नाही. ऑफिसचं काम घरी आणायचं नाही, हा त्याचा नियम होता. त्याने भात वाढून घेतला आणि विचारलं, ‘प्रधानाला टोपी बसते का?’

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो दोन माणसं आणि सील घेऊन हॉलच्या दारात उभा राहिला. चाळीस मुलं रंग लावून तयार होती.

लेक भांडली नाही. मुलांना रांगेने बाहेर काढलं, दिवे बंद केले, किल्ली त्याच्या हातात दिली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “काल जेवताना तुम्हाला माहीत होतं.”

“अहवालावर सही झाली नव्हती,” तो म्हणाला.

महिन्याभरात तिने शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली. जाणं-येणं सोपं पडतं, असं कारण सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

तेव्हापासून त्याची बायको दर रविवारी लेकीकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची. तो दारातच विचारायचा, “कशी आहे?”

“बरी आहे.”

“बरी म्हणजे?”

“अहो, बरी म्हणजे बरी. खोकला होता, गेला. नवीन पडदे लावलेत. निळे.”

मग आठवडाभर तो त्या निळ्या पडद्यांवर काढायचा. निळे म्हणजे कोणते निळे, खिडकी एक आहे की दोन, सकाळचं ऊन येतं का. विचारलं तर बायको म्हणायची, “एवढं आहे तर चला ना बरोबर.” तो म्हणायचा, “तिने बोलावलं तर जाईन.” लेक मोठ्या प्रसंगांना घरी यायची, त्याची तब्येत विचारायची, औषधं वेळेवर घेता का विचारायची. डॉक्टरही तेवढंच विचारतात, असं त्याला वाटायचं.

त्याने अर्जावर शेरा मारला: ‘अर्जदार मंडळाच्या सचिव माझ्या कन्या आहेत. समितीने नोंद घ्यावी.’ आणि कागद पुढे पाठवला.

समितीची बैठक गुरुवारी होती. लेक आणि एक पालक, पेशाने शिंपी, अर्जदार म्हणून आले होते. लेक टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली. तिने केस कापले होते. बायकोने हे सांगितलं नव्हतं.

औषधांचं दुकान चालवणारे एक सभासद सुरुवातीलाच म्हणाले, “मला एक कळत नाही. लोकांकडून पैसे गोळा करायला आपण पैसे द्यायचे? त्यापेक्षा सरळ हॉलच दुरुस्त करून टाका.”

हिशेब अधिकारी घसा साफ करून म्हणाले, “हॉल बांधकामाच्या तरतुदीत येतो. त्यात काही नाही. मेळा लोककार्यक्रमात येतो. त्यात आहे, आणि मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत जाईल.”

“म्हणजे छताला पैसे नाहीत, छताच्या नावाने गाणी म्हणायला आहेत.”

“तसं म्हणा हवं तर.”

अध्यक्षबाई हसल्या. मग शेरा वाचून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “तपासनीस, तुम्ही जरा बाहेर बसा. नियम आहे.”

तो उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मधली भिंत प्लायवूडची होती. त्यातून सगळं ऐकू येतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या भिंतीला मंजुरी त्यानेच दिली होती. तिथून उठून लांब जाऊन बसावं, असं त्याच्या मनात आलं. तो उठला नाही.

औषधवाले सभासद विचारत होते, “मॅडम, स्पष्ट विचारतो. तो हॉल खरंच एवढा धोकादायक होता का? लोक म्हणतात, उगाच घाई केली. चार वर्षांत तर काही पडलं नाही.”

मग लेकीचा आवाज आला. वर्गात बोलावं तसा, सावकाश.

“धोकादायक होता. तो अहवाल मी वाचलाय, तीन वेळा. पहिल्यांदा वाचला तो चूक सापडावी म्हणून. त्यात एक शब्द वाढवून लिहिलेला नाही. त्या दिवशी चाळीस मुलं त्या तुळईखाली नाचणार होती.”

तो बाकाच्या कडेवर पुढे सरकून बसला. ती अजून काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. पुढे मात्र खुर्च्या किती लागतील, त्यावर चर्चा सुरू झाली.

ती बाहेर आली तेव्हा तो उभा राहिला.

“झालं मंजूर?”

“झालं. जागेची पाहणी करून तुमचा दाखला लागेल म्हणाले.”

“मी दुसऱ्या कोणाला तरी—”

“दुसरं कोणी नाहीच म्हणे. मी विचारलं.” ती थांबली, खांद्यावरची पिशवी सारखी केली. “शुक्रवारी अकराला या.”

“पुढच्या ना?”

“हो, पुढच्या.”

ती जिन्याने खाली गेली. शिंपी मागे राहून त्याला नमस्कार करून गेला. तो मात्र जिन्यावरचे लेकीचे पाय ऐकत उभा होता. ती अजूनही दोन-दोन पायऱ्या उतरते, हे त्याला कळलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो वाकडी वाट करून शाळेवरून गेला. मैदानाच्या पूर्वेला स्टेजसाठी चुना टाकून खुणा केल्या होत्या. त्यामागे कुंपणाची जुनी भिंत होती. ती बाहेरून सरळ दिसत होती, पण त्याने गाल टेकवून एका डोळ्याने बघितलं, तेव्हा मधोमध तिचं पोट सुटलेलं दिसलं. ढोल-स्पीकरच्या हादऱ्याने ती पडेलच असं नाही. पण पडणारच नाही, असंही त्याला लिहून देता येणार नव्हतं.

घरी आल्यावर त्याने चहा घेतला नाही. फोन उचलला, ठेवला, परत उचलला. चार वर्षांत त्याने तिला स्वतःहून फोन केला नव्हता. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

“हॅलो. मी बोलतोय.”

“बाबा? आई बरी आहे ना?”

“बरी आहे, बरी आहे. हे बघ, उद्या अकराला मी येतोय. स्टेजच्या मागची भिंत फुगलेली आहे. त्या जागेला मी दाखला देणार नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगण्याआधी तुला सांगतोय.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अजून काहीच लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “सहीबिही काही झालेली नाही.”

“कळलं,” ती म्हणाली. मग लगेच, भिंगरीसारखी, “पश्चिमेला घेतलं स्टेज तर?”

“सकाळचं ऊन तोंडावर येईल मुलांच्या.”

“चारनंतर सुरू करू.”

“मग देईन. आणि भिंतीपासून दहा फुटांवर दोरी बांधा.”

“दहा फूट. लिहून घेते.” लिहून झाल्यावर ती म्हणाली, “बरं केलंत फोन केलात.”

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. बायकोने चहाचा कप समोर ठेवला. “काय म्हणाली?”

“दहा फुटांवर दोरी बांधते म्हणाली.”

“चांगलं झालं,” बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

मेळ्याला गाव लोटला. शिंप्याने कापडाच्या तुकड्यांची तोरणं केली होती, पालकांनी घरून खायचं करून आणलं होतं, औषधवाले सभासद बायकोमुलांसह येऊन प्रत्येक खेळात हरत होते. तो बायकोबरोबर शेवटच्या रांगेत बसला. बायको गाणी ऐकत होती. तो लेकीकडे बघत होता. ती कधी स्टेजवर, कधी पाण्याच्या पिंपाजवळ, कधी एखाद्या रडणाऱ्या पोराचं नाक पुसताना. ती हाताने हवेत खूण करून मुलांना गप्प करायची आणि सगळी गप्प व्हायची. हे तिला कधीपासून येतं, ते त्याला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी येत नसणार. मग दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी कधीतरी आलं असेल. ती ते शिकत होती तेव्हा तो घरी निळ्या पडद्यांचा विचार करत बसला होता.

संध्याकाळी गर्दी पांगली. बायको ओळखीच्या बाईंशी बोलत फाटकाकडे गेली. तो स्टेजच्या पायरीवर बसला होता. लेक आली, त्याच्या शेजारी धपकन बसली आणि बूट काढून पायाची बोटं हलवू लागली.

“दमलीस.”

“खूप.” मग समोर बघतच म्हणाली, “त्या नाटकात एक मुलगी होती, बाबा. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिला मी एकच वाक्य दिलं होतं. रोज घरी आरशासमोर म्हणायची म्हणे. हॉल बंद झाला, त्यानंतर ती परत महिनाभर बोलली नाही. मग एकदा—”

“मॅडम!” फाटकापाशी ट्रकवाला हाक मारत होता. खुर्च्या न्यायला आला होता.

“आले,” ती म्हणाली आणि बूट चढवू लागली. “उरलेलं नंतर सांगते.”

मेळ्यात तुळई आणि छपरापुरते पैसे जमले. फरशीसाठी पुढच्या वर्षीच्या तरतुदीत तजवीज करायची, असं समितीने ठरवलं. महिन्याभरात छतावर मजूर चढले. तो रोज येता-जाता खालून बघायचा, पण आत जायचा नाही. नवीन लाकूड तपासायला दुसऱ्या तालुक्यातला माणूस बोलावण्याची शिफारस त्याने स्वतःच केली होती.

लेकीचं ते ‘नंतर’ काही येईना. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. बायको सांगायची, परीक्षा आहेत, पेपर तपासतेय, झोपसुद्धा धड होत नाही तिची. तो मान डोलवायचा. ती मुलगी पुढे बोलली की नाही, हे बायकोला विचारता आलं असतं. पण ते त्याला लेकीच्याच तोंडून ऐकायचं होतं.

तिसऱ्या रविवारी बायको निघाली, तर तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत उभा.

“बोलावलंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“बस-स्टॉपपर्यंत येतो.”

बस आली. बायको चढली आणि तिच्या मागोमाग तोही चढला. बायको खिडकीबाहेर बघत राहिली, तिकिटं मात्र तिने दोन काढली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लेकीने दार उघडलं. ओचा खोचलेला, हातात फडकं. तिने आधी आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“फरशी ओली आहे,” ती म्हणाली. “आई, तू कडेकडेने ये. बाबा, तुम्ही जरा थांबा, तुमचे मोजे भिजतील. वाळली की या.”

बायको आत गेली. दार उघडंच राहिलं. तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसलं. उघड्या दारातून पडद्याची एक कड दिसत होती. खूपच फिका निळा होता तो, धुऊन धुऊन विटलेला.

“अजून ओली आहे हं,” आतून लेकीने सांगितलं.

“असू दे,” तो म्हणाला. “मी थांबलोय.”